बाटलीतला पाव किलो ऊस

सोनईहून शनिशिंगणापूरकडे जाणारा रस्ता पाहिलाय का तुम्ही? दोन्ही बाजूंना रसवंत्याच रसवंत्या. कुठे बैल गोल गोल फिरतोय, कुठे लाकडी चरक करकरतोय, घुंगरं वाजतायत. ऊस जवळपासच्या शेतातला, रस काढणारा तिथलाच. तुम्ही पैसे देता, ते रसवंतीवाल्याच्या गल्ल्यात पडतात आणि व्यवहार तिथेच संपतो.

आता अशाच रस्त्यावरच्या एखाद्या दुकानातला फ्रीज बघा. काळ्या, नारिंगी, पिवळसर थंड पेयांच्या बाटल्या मांडलेल्या असतात. त्या बाटल्यांमध्येही ऊसच आहे, असं म्हटलं तर पटेल?

नाही ना पटत? मग वही-पेन घ्या, हिशेबच करू.

अडीचशे मिलिलीटरच्या काळ्या पेयाच्या बाटलीवर बारीक अक्षरांत साखरेचा आकडा छापलेला असतो. दर शंभर मिलिलीटरमागे साधारण साडेदहा ग्रॅम. म्हणजे एका बाटलीत २६ ग्रॅमच्या आसपास, पाच-सहा चमचे साखर. अमेरिकेत याच पेयात बहुतेकदा मक्यापासून काढलेला गोड पाक घालतात. भारतात मात्र साखर घालतात, आणि भारतातली साखर जवळजवळ सगळी उसापासूनच होते. शंभर किलो ऊस गाळला की दहा-साडेदहा किलो साखर हाती लागते. कारखान्यातली माणसं याला 'उतारा' म्हणतात. तर २६ ग्रॅम साखरेसाठी ऊस लागला किती? करा भागाकार. पाव किलो!

आता पैशाकडे या. शेतकऱ्याला उसाचा किमान किती भाव द्यायचा हे केंद्र सरकार दरवर्षी ठरवतं. त्याला सगळे 'एफआरपी' म्हणतात. २०२४-२५ च्या हंगामात सव्वादहा टक्के उताऱ्याला ती क्विंटलमागे ३४० रुपये होती, म्हणजे किलोला ३ रुपये ४० पैसे. पाव किलोचे झाले ८५ पैसे.

बाटली वीस रुपयांची, आणि तिच्यातला ऊस ८५ पैशांचा. त्यातूनही तोडणीचा आणि वाहतुकीचा खर्च कापला जातो.

मग उरलेले एकोणीस रुपये जातात कुठे? हा प्रश्न मला फार आवडतो. कारण त्याचा माग काढत निघालं की आपण सोनईच्या शेतातून थेट पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला पोचतो.

पहिला मोठा घास सरकारचा. अशा थंड पेयांवर आपल्याकडे ४० टक्के कर आहे. वीस रुपयांच्या किमतीत तो साडेपाच-पावणेसहा रुपयांवर जातो. म्हणजे ऊस पिकवणाऱ्याच्या वाट्याला जेवढं येतं त्याच्या सहापटीहून जास्त. मग प्लॅस्टिकची बाटली, बुडबुड्यांचा वायू, ट्रकचं डिझेल, बाटल्या भरणारा कारखाना, घाऊक व्यापारी, दुकानदार, फ्रीजची वीज, टीव्हीवरच्या जाहिराती. हे सगळं भागवून उरतो तो वाटा मिळतो एका चवीला आणि एका नावाला.

चव आणि नाव यांचे पैसे? हो, आणि सगळी गंमत तिथेच आहे. कोका-कोला ही कंपनी १८८६ साली अमेरिकेतल्या अटलांटा शहरात एका औषधविक्रेत्याने बनवलेल्या पेयातून सुरू झाली. आज तिची पेयं दोनशेहून अधिक देशांत विकली जातात. पण अटलांटाहून बाटल्या भरून जहाजं निघत नाहीत. पाणी कशाला समुद्रापार न्यायचं? पाणी जिथलं तिथलं, साखर जिथली तिथली. कंपनी बनवते तो फक्त घट्ट अर्क. भारतात तो बनवण्याचा कारखाना आहे पुण्याजवळच्या पिरंगुटला. तिथून तो बाटल्या भरणाऱ्या कारखान्यांकडे जातो, तिथे त्यात पाणी, साखर आणि वायू मिसळतात. आजी मुलीच्या सासरी विरजण पाठवते, दूध मात्र त्यांच्याच गोठ्यातलं असतं ना, तसंच. फरक एवढाच, की या विरजणाची कृती कुलूपबंद असते आणि दर वाटीमागे पैसे मोजावे लागतात.

एका देशात मुख्य कचेरी, दुसऱ्या देशात कारखाना, तिसऱ्यात कच्चा माल आणि गिऱ्हाईक सगळीकडे, अशा कंपनीला बहुराष्ट्रीय कंपनी म्हणतात. संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार आणि विकास पाहणाऱ्या संस्थेने २०१३ साली एक अंदाज मांडला होता: जगातल्या एकूण व्यापारापैकी सुमारे ८० टक्के व्यापार अशा कंपन्यांनी गुंफलेल्या साखळ्यांमधून होतो. तुमच्या दप्तरात, स्वयंपाकघरात, बाथरूममध्ये या साखळ्यांची कुठली ना कुठली कडी सापडणारच.

या कंपन्यांची ताकद फक्त पैशात नसते, त्या नियमही ठरवतात. साखरेचंच घ्या. तुम्हाला साखर पांढरी दिसते, पण किती पांढरी हे मोजायची जगभर एक पट्टी आहे. तिचं नाव इक्युम्सा. आकडा जितका कमी, तितकी साखर शुभ्र. आपल्या कारखान्यांची नेहमीची साखर शंभर-दीडशेच्या आसपास असते. पण रिफाइंड साखरेचा आकडा ४५ किंवा त्याहून कमी लागतो. मोठ्या पेय कंपन्या आणि औषध कंपन्या अशीच साखर मागतात, शिवाय तिच्यात गंधकाचा अंश नको असतो. दूर कुठे तरी एका प्रयोगशाळेत कुणी एक आकडा लिहितं, आणि इथल्या कारखान्याला तेवढ्यासाठी नवी यंत्रं बसवायचा विचार करावा लागतो! देशात खपणाऱ्या साखरेपैकी निम्म्याहून जास्त साखर घरच्या डब्यात येतच नाही. ती जाते बिस्किटं, मिठाया, आइस्क्रीम आणि थंड पेयांमध्ये. मग एवढ्या मोठ्या गिऱ्हाइकाचं ऐकावं लागणारच.

आता सोनईच्या कारखान्यात जाऊ. मुळा सहकारी साखर कारखाना. मुळा नदीवर राहुरी तालुक्यात बारागाव नांदूरला धरण आहे. २६ टीएमसी, म्हणजे २६ अब्ज घनफूट, पाणी मावणारं. त्याच्या उजव्या कालव्याने नेवासे तालुक्यातल्या या भागात ऊस आणला. गळीत हंगामात ट्रॅक्टर, ट्रक आणि बैलगाड्यांची रांग लागते. वजनकाट्यावर गाडी चढते, गव्हाणीत ऊस पडतो, रस निघतो, तो तापतो, आटतो, त्यात दाणे धरतात. उरलेली मळी काळी, चिकट असते. तिच्यापासून इथेनॉल होऊन पेट्रोलमध्ये मिसळतं. चिपाडाचा भुसा बॉयलरमध्ये जळतो आणि त्यावर वीजही करता येते.

या कारखान्याचा मालक कोण? तुम्ही कुणाला तरी एकट्याला शोधायला जाल आणि फसाल. मालक आहेत आजूबाजूच्या गावांमधले ऊस उत्पादक सभासद. त्यातला एखादा तुमच्याच वर्गातल्या कुणाचा आजोबा असेल. दरवर्षी सर्वसाधारण सभा भरते, तिथे सभासद उठून प्रश्न विचारतात, कधी आवाजही चढतात. आणि मत? एका सभासदाला एकच मत. एकाचे शेअर दहा असोत नाही तर एक, मत एकच.

कोका-कोलाचा मालक कोण, हेही विचारू या. तिथेही एक माणूस नाही. तिचे शेअर न्यूयॉर्कच्या बाजारात विकत मिळतात. वॉरन बफे यांनी वाढवलेली बर्कशायर हॅथवे ही कंपनी सगळ्यात मोठी भागधारक आहे, तिच्याकडे ४० कोटी शेअर आहेत. तरी ते एकूण शेअरांच्या दहा टक्क्यांहून कमीच भरतात. बाकीचे बँकांकडे, निवृत्तिवेतनाच्या फंडांकडे आणि जगभरच्या साध्या माणसांकडे विखुरलेत. पण तिथे माणसागणिक मत नसतं, शेअरागणिक असतं. ज्याच्याकडे जास्त शेअर, त्याचा आवाज मोठा.

ही पद्धत काही आजची नाही बरं का. १६०२ साली ॲमस्टरडॅममध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीचे शेअर कुणालाही घ्यायला खुले केले, तेव्हा तिथे ११४३ जणांनी वहीत नावं लिहिली. त्यात नेल्टगेन कॉर्नेलिस नावाची एक मोलकरीण होती! ज्या घरात ती काम करायची तिथेच ही नोंदणीची वही ठेवलेली होती. सगळे लिहितायत म्हटल्यावर तिनेही आपल्या शिलकीतले शंभर गिल्डर (तिथली नाणी) लावले. याच कंपनीने पुढे आपल्या कोकणात वेंगुर्ल्याला वखार बांधली. तिचे पडके अवशेष अजून उभे आहेत, सहलीला गेलात तर जरूर बघा.

गोष्ट इथे थांबली असती तर गोड वाटली असती. पण १६२१ साली याच कंपनीच्या सैन्याने जायफळावर एकट्याचा ताबा मिळवण्यासाठी आजच्या इंडोनेशियातल्या बांदा बेटांवरचे हजारो लोक मारले, कित्येकांना गुलाम केलं. नफ्याचा वाटा ॲमस्टरडॅममधल्या भागधारकांना मिळत होता. बांदा बेट कुठे आहे हेसुद्धा त्यांच्यातल्या बहुतेकांना ठाऊक नसणार. मालक आणि जमीन यांच्यात हजारो मैलांचं अंतर पडलं की असंही होऊ शकतं. म्हणून मालक कुठे राहतो हा मला फार मोठा प्रश्न वाटतो.

आपल्या नगर जिल्ह्याने दूरचा मालकही पाहिलाय आणि जवळचाही. श्रीरामपूरजवळ हरेगावला इंग्रजांच्या काळात बेलापूर कंपनीचा साखर कारखाना उभा राहिला. कारभार मुंबईच्या डब्ल्यू. एच. ब्रॅडी या इंग्रज पेढीकडे. आसपासच्या शेतकऱ्यांची हजारो एकर जमीन त्या उसासाठी गेली. पुढे त्याच जिल्ह्यात लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडून भागभांडवल गोळा केलं. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ त्यांच्या पाठीशी उभे राहिले. १९५० साली प्रवरेच्या सहकारी कारखान्याचा पहिला हंगाम सुरू झाला. शेतकऱ्यांच्या मालकीचे पुढचे सगळे कारखाने, आपला मुळा कारखानासुद्धा, त्याच वाटेने आले.

सहकारात सगळं छान आणि बहुराष्ट्रीय कंपनीत सगळं वाईट, असं मात्र मी तुम्हाला सांगणार नाही. पाथर्डी, शेवगाव, बीडकडून दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला टोळ्या येतात. नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. पहाटेच्या थंडीत ही माणसं फडात उतरतात. त्यांच्याबरोबर तुमच्याच वयाची मुलं असतात, त्यांची शाळा मागे गावी राहिलेली असते. त्यांच्यासाठी साखरशाळा निघाल्या, पण सगळ्या मुलांपर्यंत त्या पोचल्या नाहीत. कारखान्याचे सभासद असतात ऊस पिकवणारे. ऊस तोडणाऱ्यांना तिथे मत नसतं. पाव किलो उसाच्या ८५ पैशांतला त्यांचा वाटा काढायला गेलात तर वहीत दशांशचिन्हाच्या उजवीकडेच राहाल.

मग सरकार या मोठ्या कंपन्यांना काही म्हणू शकतं की नाही? म्हणू शकतं, आणि एकदा म्हणालं होतं. १९७३ च्या परकीय चलन कायद्याने अनेक परदेशी कंपन्यांना भारतातला आपला हिस्सा ४० टक्क्यांवर आणायला लावलं. १९७७ साली जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री झाले आणि त्यांनी हा कायदा लावून धरला. हिस्सा कमी करायचा म्हणजे कृतीचं गुपितही हातचं जायचं. कोका-कोलाने त्यापेक्षा देश सोडणं पसंत केलं! सरकारने स्वतःचं पेय काढलं, डबल सेव्हन, सत्याहत्तर सालावरून. मुंबईच्या पार्ले कंपनीचं थम्स अप त्याच वर्षी आलं आणि लोकांना इतकं आवडलं, की जाहिरातीतले अंगठे गल्लोगल्ली दिसायला लागले. १९९१ नंतर देशाची धोरणं बदलली, १९९३ साली कोका-कोला परत आली आणि तिने थम्स अपच विकत घेतलं. लिम्का आणि गोल्ड स्पॉटही. तेव्हा थम्स अप मुंबईत जन्मलेलं आहे हे खरं, पण त्याचा मालक आता अटलांटाला राहतो.

मालक बदलले तरी कारखाना जागचा हलत नाही, याचं उदाहरण नगरच्या एमआयडीसीतच आहे. तुमच्या घरात मीटरजवळ एक छोटी खटकी असते. विजेचा प्रवाह फार वाढला की ती पडते आणि घर वाचतं. असली विजेची साधनं लार्सन अँड टुब्रो ही कंपनी नगरला बनवायची. ही दोन माणसांची नावं आहेत. हेनिंग होल्क-लार्सन आणि सोरेन टुब्रो, कोपनहेगनमध्ये एकत्र शिकलेले डेन्मार्कचे दोन इंजिनीअर. सिमेंटची यंत्रं विकणाऱ्या डॅनिश कंपनीच्या कामासाठी ते भारतात आले, आणि १९३८ साली मुंबईत त्यांनी स्वतःची भागीदारी सुरू केली. तीच वाढत वाढत भारतातली बलाढ्य कंपनी झाली. २०२० साली तिने आपला विजेच्या साधनांचा धंदा फ्रान्सच्या श्नायडर इलेक्ट्रिकला विकला. गेट तेच, यंत्रं तीच, डबा घेऊन कामावर जाणारी माणसं तीच, पण मालक फ्रान्सचा. आणि २०२४ साली या मालावर नवं नाव आलं, लॉरित्झ क्नुडसेन. हे गृहस्थ कोण? तेही डेन्मार्कचे! १८९३ साली कोपनहेगनमध्ये त्यांनी कंपनी काढली होती, आणि ती श्नायडरने आधीच विकत घेतलेली होती. दोन डॅनिश नावं गेली आणि त्यांच्या जागी तिसरं डॅनिश नाव आलं, तेही फ्रेंच मालकाच्या हातून, आपल्या नगरला. मला तर हे वाचून किती तरी वेळ आश्चर्य वाटत राहिलं.

बरं, नेहमी बाहेरचेच इथे येतात असंही नाही. सोनईच्या कितीतरी फडांत आता ठिबकच्या नळ्या अंथरलेल्या दिसतात. एकेक थेंब थेट मुळाशी. ठिबकचं हे तंत्र इस्रायलच्या वाळवंटात वाढलं. जळगावच्या जैन इरिगेशनने ते आपल्याकडच्या शेतांत गावोगाव नेलं. आणि मग २००७ साली या जळगावच्या कंपनीने इस्रायलची नानदान ही ठिबक कंपनी अर्धी विकत घेतली, २०१२ साली पुरती घेतली. ज्यांच्या देशात ही विद्या वाढली त्यांचा कारखाना खानदेशातल्या कंपनीच्या मालकीचा! पुढे २०२३ मध्ये जैनांचा परदेशातला ठिबकचा धंदा इस्रायलच्याच रिव्ह्युलिस कंपनीत मिसळला. तिथे मोठा वाटा आहे सिंगापूर सरकारच्या टेमासेक या गुंतवणूक कंपनीचा. मालकी अशी गावोगाव फिरत असते. फडातल्या उसाला त्याचं काही नसतं, त्याला थेंब हवा.

फडातल्या उसाच्या पैशाला मात्र दूरचे वारे लागतात. जगात सगळ्यात जास्त साखर ब्राझीलमध्ये होते. तिथल्या कारखान्यांना रसाची साखर करायची की इथेनॉल हे बऱ्याच प्रमाणात बदलता येतं. तिथे पाऊस कमी झाला, किंवा त्यांनी इथेनॉलकडे जास्त रस वळवला, की न्यूयॉर्क आणि लंडनच्या बाजारात साखर महागते. जगभर साखरेची ने-आण करणाऱ्या बड्या व्यापारी कंपन्या ही खबर सगळ्यांच्या आधी मिळवतात. त्यातली लुई ड्रेफस तर १८५१ सालापासून व्यापार करत आलीय, आधी धान्याचा. आपल्याकडे किती साखर देशाबाहेर जाऊ द्यायची हे सरकार ठरवतं. २०२१-२२ मध्ये भारताने विक्रमी शंभर लाख टनांहून जास्त साखर निर्यात केली, आणि पुढे देशात टंचाई नको म्हणून निर्यात जवळजवळ थांबवली. ब्राझीलमधला पाऊस आणि दिल्लीतला एक आदेश, दोन्हींचा हिशेब सोनईच्या शेतकऱ्याच्या बिलात कुठेतरी उतरतो.

आता तुमच्यासाठी एक काम. घरातल्या दहा वस्तू घ्या, टूथपेस्ट, बिस्किट, चप्पल, वही, काहीही. आधी नुसत्या नावावरून अंदाज लिहा, हिचा मालक कुठे राहत असेल? मग शोधा. बाटा हे नाव ऐकून बहुतेक जण भारतीय म्हणतात, पण ती १८९४ साली आजच्या चेक देशातल्या झ्लिन गावी सुरू झाली. पार्ले बिस्किटाचं नाव ऐकून काही जण परदेशी म्हणतात, आणि ते तर मुंबईच्या पार्ल्यातलं. मॅगी स्वित्झर्लंडच्या नेस्लेची, लाइफबॉय लंडनच्या युनिलिव्हरचा. वेष्टनावर 'मॅन्युफॅक्चर्ड बाय' आणि 'मार्केटेड बाय' अशी दोन वेगळी नावं सापडली तर दोन्ही उतरवून घ्या. बनवणारा एक आणि विकणारा दुसरा असं पुष्कळदा असतं, आणि बनवणारा अगदी आपल्या जिल्ह्यातलाही निघू शकतो. साबणाच्या वेष्टनावर अक्षरं सगळ्यात बारीक असतात, तिथे भिंग घेऊन बसा.